नल्लकुंटा, ताप आणि नकाशा

सर रोनाल्ड रॉस यांचे नाव धारण करणारे आणि साऱ्या हैदराबादेस ‘फीवर हॉस्पिटल’ म्हणून परिचित असलेले नल्लकुंट्यातील रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवले, तर भूस्थानिक माहितीचे मूळ स्वरूप सहज ध्यानी येते. रुग्णाचे नाव, वय व व्याधी एवढेच दप्तरी असेल तर ती सामान्य नोंद होय. परंतु तिला राहत्या घराचे अक्षांश-रेखांश जोडले गेले, की तीच नोंद शेजारचे डबके, गटार आणि पलीकडचा रुग्ण यांच्याशी असलेले अंतर व दिशा सांगू लागते. घर हा बिंदू, गटार ही रेषा, मोहल्ला हा बहुभुज. तापमानासारख्या अखंड पसरलेल्या गोष्टीसाठी मात्र चौकटींची जाळी घ्यावी लागते.

या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात, हा त्यांचा खरा विशेष. जवळच्या वस्तू दूरच्यांहून अधिक निगडित असतात, हे भूगोलज्ञ वॉल्डो टॉबलर यांनी १९७० साली मांडलेले तत्त्व डॉ. जॉन स्नो यांच्या लंडनमधील १८५४च्या पटकीच्या नकाशात आधीच प्रत्ययास आले होते. तेथे मृत्यूंची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दिसली.

दुसरा विशेष माझ्या मते सर्वाधिक उपेक्षित आहे: तेच रुग्ण, तीच घरे, परंतु वॉर्डांच्या हद्दी निराळ्या आखल्या, तर तापाचे प्रमाण निराळे दिसते आणि कित्येकदा निष्कर्षही पालटतो. म्हणून रंगवलेला नकाशा समोर आला, की प्रथम त्यातील हद्दी कोणी व कोणत्या हेतूने आखल्या, हे अवश्य विचारावे.