दुय्यम प्रशिक्षकाची शिडी

गेल्या वर्षी जालन्यात आमच्या संघटनेच्या कचेरीत एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. स्वतः सळयांच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे. मुलगा बी. ए. झालेला, विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलेला. एका महाविद्यालयाने त्याला खेळाडूंच्या सरावासाठी ठेवून घेतले होते. सकाळी दोन तास, सायंकाळी दोन तास. पगार नव्हे, मानधन. आणि स्पर्धा आटोपल्या की तेही बंद. "भाऊ, ही नोकरी आहे की नाही, एवढंच सांगा," वडील म्हणाले.

आम्हांला तेव्हा उत्तर देता आले नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि हा चेंडू आम्ही कधी हाती धरलेला नाही. परंतु कामाचे तास आणि पगार यांचा हिशेब हा आमचा जन्माचा धंदा. म्हणून वाचू लागलो, विचारू लागलो. त्यातून हाती आले ते श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने काढला. तेथे महाविद्यालयाचा संघ म्हणजे एक लहानसा कारखानाच असतो. वर मुख्य प्रशिक्षक, त्याच्या हाताखाली काही साहाय्यक. गावोगाव फिरून होतकरू मुले हेरणे, प्रतिपक्षाचे सामने पाहून त्याच्या खेळाचे टिपण करणे, एकेका खेळाडूकडून नेम घोटवून घेणे, ही सारी कामे साहाय्यकाची. सामना जिंकला की छायाचित्र मात्र मुख्याचे. उमेदवारीला आरंभ होतो तो पदव्युत्तर शिक्षण घेता घेता फी-माफीवर राबण्याने. मग दुय्यम, मग पहिला साहाय्यक आणि नशीब असेल तर मुख्य. डीन स्मिथ १९५८ साली उत्तर कॅरोलायना विद्यापीठात साहाय्यक म्हणून आले आणि १९६१ साली मुख्य झाले, तीनच वर्षांत. त्यांचेच साहाय्यक बिल गथ्रिज १९६७ पासून तीस वर्षे दुसऱ्या खुर्चीवर बसले. साठाव्या वर्षी, १९९७ साली मुख्य झाले आणि तीन वर्षांनी निवृत्त. शिडी तीच, पायऱ्याही त्याच. चढायला कोणाला किती काळ लागेल, ते शिडी सांगत नाही.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघाने, ज्याला तेथे एन. सी. ए. ए. म्हणतात, खर्च वाढतो म्हणून १९९१ साली ठराव केला, तो पुढच्या वर्षी अमलात आला. बास्केटबॉलच्या ताफ्यात चारच माणसे, आणि त्यांतील चौथ्याला शैक्षणिक वर्षाला १२ हजार डॉलर व उन्हाळ्याला ४ हजार, याहून अधिक एक पैसाही द्यावयाचा नाही. त्याआधी यांतील काहीजण ६०-७० हजार मिळवीत होते. कारण काय दिले? नवशिक्यांना दार उघडावे म्हणून! मालक लोकांची ही भाषा आम्ही ओळखतो. उमेदवार म्हणून घेतलेला कामगार आठ वर्षे उमेदवारच राहतो, ते आम्ही पाहिले आहे. त्या चौथ्या माणसांनी एकत्र येऊन दावा लावला. १९९५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९९८ साली वरच्या न्यायालयाने तो कायम केला आणि सांगितले की, ही जागा नवख्यालाच द्यावी असे नियमात कोठेच नाही, आणि सर्वांनी मिळून मजुरी पाडणे याला खर्च-बचतीचे निमित्त पुरत नाही. १९९९ साली ५ कोटी ४५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. संप नाही, मोर्चा नाही. कागद नीट ठेवले होते एवढेच.

आपल्याकडे गोष्ट निराळी. येथे मुख्य प्रशिक्षकच नाही, तर साहाय्यक कोठून असणार? महाविद्यालयात एक शारीरिक शिक्षण संचालक असतो. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, धावणे, सारे त्याच्याच माथी. विद्यापीठाच्या स्पर्धांना मुले नेणारा आणि प्रवासखर्चाची बिले करणारा तोच. त्या जागेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, वर नेट किंवा सेट अथवा पीएच. डी. शिवाय शरीराची परीक्षा: तिशीच्या आतील पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर धावावे. (ही अट कामगार पुढाऱ्यांना लावली तर आमचे काय होईल, हा विचार मनात आलाच.) पदवीनंतर बी. पी. एड. ची दोन वर्षे, एम. पी. एड. ची दोन. चार वर्षे घरात पगार येणार नाही, हे भट्टीवाल्या बापाने आधी मोजावे.

दुसरी वाट पतियाळ्याची. तेथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. ती एकेका खेळाचे प्रशिक्षक घडविते. तेथली पदविका हाती असली की शासनाच्या क्रीडा खात्यातील क्रीडा मार्गदर्शकाच्या जागेसाठी उभे राहता येते. तेथे मात्र खेळ एकच धरावा लागतो आणि पूर्वी कोणत्या पातळीवर खेळलात हे प्रमाणपत्रावरून पाहतात. मुलाची आंतरविद्यापीठ स्पर्धेची प्रमाणपत्रे तपासली, तर दोनांपैकी एकावर नाव चुकलेले. पहिले काम आम्ही ते दुरुस्त करून घेण्याचे सांगितले.

आणि मानधनाचे? आम्ही मुलाला म्हणालो, काम सोडू नकोस, कारण शिकविल्यावाचून शिकविणे येत नाही. परंतु नेमणुकीचे पत्र माग, तारीख आणि तास लिहून घे, हंगाम संपला की अनुभवाचा दाखला शिक्क्यासह घे. त्याला ते मागण्याचा संकोच वाटत होता. "सर काय म्हणतील?" असे तो दोनदा म्हणाला. शेवटी अर्जाचा मसुदा आम्हीच सांगितला, त्याने लिहिला, आणि वडिलांनी तो घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. पत्र मिळाले, दोन महिन्यांनी. त्यात तास लिहिलेले आहेत; रक्कम लिहिलेली नाही. त्यासाठी दुसरा अर्ज गेला आहे.