योगवर्गातील शिष्टाचार

पेढीवर कसे बसावे, आलेल्या ग्राहकाचे स्वागत कसे करावे, हे आपल्या घरांत मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. योगवर्गाचे तसे नाही. एके काळी योगविद्या गुरूकडून एकेका शिष्याकडे जात असे; ठरावीक वेळी, शुल्क भरून, समूहाने शिकण्याची रीत अलीकडची. मुंबईतील श्री योगेंद्र यांची संस्था १९१८ सालची, स्वामी कुवलयानंदांचे लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ सालचे. त्यामुळे तेथे कसे वागावे हे सांगणारे वडीलधारे घरोघरी सापडत नाहीत.

काही गोष्टी उघड आहेत. पाच मिनिटे आधी पोहोचावे. उशीर झालाच तर प्रार्थना संपेपर्यंत दाराशी थांबावे. अत्तर लावून जाऊ नये, वाजणाऱ्या बांगड्या घरी ठेवाव्यात. मोबाईल बंद करावा. सकाळी सहा वाजता कोणता बाजार उघडलेला असतो, हे मला बँकेच्या संपूर्ण सेवेत उमगलेले नाही. शुल्क महिन्याच्या आरंभी, न मागता द्यावे. पेढीवर साठ दिवसांची मुदत चालते, शिक्षकाच्या घरचा किराणा तितका थांबत नाही.

आपल्या घरांपुरता आहाराचा प्रश्न मात्र निराळा आहे. चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि सायंकाळच्या वर्गास भरल्या पोटी येतात. पूर्ण भोजनानंतर तीन-चार तास आसने करू नयेत, असे शिक्षक सांगतात. अशांनी सकाळचा वर्ग धरावा हे उत्तम. चातुर्मासात उपवास वा आयंबिल असेल तर शिक्षकांस आधी कळवावे. आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे, केवळ उकळलेले पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच, हे अन्य समाजातील शिक्षकांस ठाऊक असेलच असे नाही. त्या दिवशी सूर्यनमस्कार न घालता शांत बसून राहण्यात कोणताही कमीपणा नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पुष्कळ वर्गांत प्रवेशाच्या वेळी प्रकृतीविषयी एक अर्ज भरून घेतात. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, झालेल्या शस्त्रक्रिया असे त्यात प्रश्न असतात. आपल्यातील अनेक जण सर्वत्र ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. यामागे निव्वळ अहंकार असतो, असे मी म्हणणार नाही. शेठजींची प्रकृती बरी नाही अशी कुजबूज पेठेत झाली की धनको घाई करू लागतात, उधारीवर माल देणारे हात आखडता घेतात. कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘पुढे धंदा कोण पाहणार?’ असे आम्ही बँकवालेही विचारीत असू. घरात मुलांच्या सोयरिकी चालू असतील तर काळजी आणखी वाढते. पत सांभाळण्यासाठी मनुष्य दुखणे लपवितो.

परंतु ज्यांस काही ठाऊक नाही ते शिक्षक रक्तदाबाच्या रुग्णास श्वास रोखून धरावयास सांगतील, हर्निया असलेल्यास जोराची कपालभाती करावयास लावतील. काचबिंदूच्या रुग्णाने शीर्षासन केले तर डोळ्यातील दाब वाढतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. अपाय झाल्यावर दोष मात्र शिक्षकाच्या माथी येतो. तेव्हा वर्गापूर्वी पाच मिनिटे त्यांस एकांतात गाठून सर्व खरे सांगावे, आणि ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी अशी स्पष्ट विनंती करावी. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

दुसरी बाजू सहाध्यायींची. कोणी खुर्चीवर बसून आसने करीत असेल, कोणी सर्वांगासन टाळीत असेल, तर कारण विचारू नये. आणि कळलेच तर ते दुकानाच्या गादीवर नेऊ नये. ग्राहकाच्या खात्याविषयी बाहेर बोलण्यास बँकेत सक्त मनाई असे. येथे तसा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो आपणच पाळावयाचा. सासू-सुना एकाच वर्गास येत असतील तर कोण किती वाकते याची चर्चाही घरी होऊ नये.

शवासनापूर्वी निघणे भाग असेल तर सर्वजण डोळे मिटण्याआधीच निघावे. शेजारी घोरू लागल्यास हसू नये. बिचाऱ्याला कदाचित आठवड्यातून तेवढीच निवांत झोप मिळत असेल. वर्गाची कांबळी व उशा नीट घडी घालून, कडा एका बाजूस करून जागेवर ठेवाव्यात. आपली सतरंजी आत झटकू नये. गुंडाळून बाहेर न्यावी.