सापाची काचपेटी : ऑर्डर घेण्यापूर्वी

फिश टँक, शोकेस आणि अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंकडे अधूनमधून एक अनोखे गिऱ्हाईक येते. त्याला साप ठेवायला काचेची पेटी हवी असते. मुंबई, ठाणे, पुणे येथे परदेशी साप पाळण्याचा शौक असलेली तरुण मंडळी आहेत. दिवाणखान्यात शोभेल अशी पेटी करून देणारा कारागीर त्यांना सहजासहजी सापडत नाही, म्हणून ते फिश टँकवाल्याचा गाळा गाठतात. मजुरी बरी मिळते, काम दोन दिवसांचे वाटते आणि आपला माणूस लगेच हो म्हणतो. घोटाळा इथेच होतो.

एका उस्तादांनी आपली हकिकत आम्हाला स्वतःहून सांगितली. वीस-बावीस वर्षे मत्स्यपेट्या करणारे हे गृहस्थ. हाताला सफाई अशी की सिलिकॉनचा एक थेंब रेषेबाहेर दिसायचा नाही. त्यांनी चार फुटी टँक केला, वर जाळीचे झाकण दिले, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तळाला गरम होणारी चटई बसवली आणि पैसे घेतले. दीड महिन्याने गिऱ्हाईक परत आले ते सापाचे फोटो घेऊन. पोटाची कातडी भाजून निघाली होती. चटईला थर्मोस्टॅट नव्हता. "चटका बसला तर साप बाजूला सरकेल, असे मला वाटले," उस्ताद म्हणाले. साप पुष्कळदा सरकत नाही. पोटाखालून लागणारी धग धोक्याची आहे हे त्याला वेळेवर कळत नाही आणि तो भाजेपर्यंत पडून राहतो. उस्तादांनी मजुरी परत केली. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरात मुलांनाही ठाऊक असते. कोंडलेल्या जिवाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर असते, आणि पेटी करणाराही त्यातून सर्वस्वी सुटतो असे आम्हाला वाटत नाही.

साप विकत घेणे-विकणे शरीयतच्या दृष्टीने कसे, हा प्रश्न ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावा. आमचा विषय पेटीपुरता आहे.

मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी विचारायचे ते हे की साप कोणता. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे देशी साप घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. साप विषारी आहे की बिनविषारी, हा प्रश्नच येत नाही. विशेषतः मांडुळाचे नाव निघाले तर गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावावे. गुप्तधन आणि भरभराट यांच्या नावाखाली महाराष्ट्रात या गरीब जनावराची लाखांच्या भाषेत तस्करी चालते आणि त्यात फसलेले व पकडलेले लोक वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. शौकीन मंडळींकडे जास्त करून आफ्रिकेतला बॉल पायथन असतो. ही जात साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जनावरांची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. अमेरिकेतला कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही. तरी तो कोठून घेतला याचा कागद विचारायला हरकत नाही. नोंदणीची झेरॉक्स आपल्या ऑर्डर बुकात चिकटवून ठेवावी. खरा शौकीन कागद लगेच दाखवतो. जो टाळाटाळ करतो त्याचा अ‍ॅडव्हान्स न घेतलेला बरा.

कधी एखादा हॉटेलवाला किंवा मॉलवाला येतो आणि गिऱ्हाइके जमावीत म्हणून दर्शनी भागात सापाची पेटी मागतो. लोकांना दाखवण्यासाठी वन्य प्राणी ठेवले की कायदा त्या जागेकडे प्राणिसंग्रहालय म्हणून पाहू शकतो, आणि त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात काचेमागचे साप आपण पाहिले असतील. तेथे ते मान्यतेने आहेत. दुकानाच्या काउंटरवर तसे करता येत नाही. मालकाला हे आधीच सांगितले तर पुढची फजिती टळते.

आता कामाकडे वळू. बॉल पायथनची मादी चार ते पाच फूट होते, नर त्याहून लहान. एका पूर्ण वाढलेल्या सापाला चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच जागा हवी. हे माप सुतारासाठी मोठे सोयीचे आहे. आठ बाय चारची प्लायची एक शीट घ्या. तिचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात. तीन तुकडे तळ, छत आणि पाठ यांना जातात; चौथा मधून कापला की दोन बाय दोनच्या दोन बाजू तयार. पेटीचे अख्खे अंग एका शीटमध्ये बसते. करवतीची रुंदी वजा होईल आणि बाजूच्या फळ्या पाठीच्या जाडीइतक्या कमी कराव्या लागतील, एवढेच. पुढच्या चौकटीच्या पट्ट्या गाळ्यातल्या उरलेल्या मालातून निघतात. प्लाय अठरा मिलीमीटरचा आणि मरिन, म्हणजे आय. एस. ७१० शिक्क्याचा वापरावा. आत ओल राहते, तिथे साधा कमर्शियल प्लाय लवकर फुगतो आणि नाव आपले जाते.

तिन्ही बाजूंनी काच का नको, असे गिऱ्हाईक विचारील. साप लपून राहणारे जनावर आहे. चोहीकडून उघडे पडले तर ते बिथरते आणि खाणे सोडते. तीन बाजू लाकडाच्या आणि समोर काच असली तर ते निर्धास्त राहते, म्हणजे दिसतेही जास्त. शिवाय काच उष्णता धरून ठेवत नाही, लाकूड ठेवते. पाण्याचा दाब नसल्याने माशांच्या टँकसारखी जाड काचही लागत नाही. पाच मिलीमीटर पुरते.

दार वरून नको, समोरूनच हवे. वरून येणारा हात सापाला घारीसारखा वाटतो. दोन सरकत्या काचा चॅनेलमध्ये बसवाव्यात, वरचे चॅनेल खालच्यापेक्षा खोल घ्यावे म्हणजे काच वर उचलून काढता येते. दोन्ही काचा मध्ये इंचभर एकमेकींवर याव्यात आणि त्यांमधली फट तीन-चार मिलीमीटरहून जास्त नसावी. सापाचे डोके जिथून जाते तिथून साप जातो. कॉर्न स्नेकचे पिल्लू पेन्सिलीएवढे असते, त्याला ही फटसुद्धा पुष्कळ झाली. तेव्हा पिल्लासाठी ऑर्डर असेल तर फटीत पारदर्शक पट्टी द्यावी. कुलूप सोनाराच्या किंवा घड्याळवाल्याच्या काउंटरला असते तेच, दातेरी पट्टीचे. ते आपल्याकडे रोज लागते. कुलपाशिवाय पेटी गाळ्याबाहेर जाऊ देऊ नये. साप नाकाने काच ढकलतो, रात्रभर ढकलतो, आणि चार रात्रींनी ती सरकते. काच टफन्ड घालायची असेल तर माप दोनदा तपासूनच भट्टीला पाठवावी. नंतर ना कापता येते, ना भोक पाडता येते.

हवेच्या जाळ्या हा आपल्या हवामानात सर्वांत नाजूक भाग आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर विलायती नकाशा दाखवते. तो नकाशा थंड देशातला आहे. तिथे उष्णता पेटीत कोंडायची असते, आपल्याला बरेच महिने ती बाहेर काढायची असते. बॉल पायथनला गरम कोपऱ्यात एकतीस-बत्तीस अंश आणि थंड कोपऱ्यात पंचवीस ते सत्तावीस अंश हवे. मुंबईत बहुतेक वर्ष खोलीच तेवढी गरम असते; हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. पुणे-नाशिककडे जास्त दिवस लागतो. नागपूरला मे महिन्यात तीच बंद पेटी तंदूर होते. थंडीने साप सुस्त होतो, पण अति उष्णतेने थोड्या वेळात मरतो. म्हणून गिऱ्हाईक कोणत्या गावचे, पेटी कोणत्या मजल्यावर, एसी आहे की नाही, आणि खिडकीतून ऊन पडते का, हे सारे विचारून घ्यावे. काचेवर थेट ऊन पडणार असेल तर जागा बदलायला लावावी. जाळी एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर द्यावी, म्हणजे थंड हवा शिरते आणि गरम निघते. जाळी बारीक व गुळगुळीत असावी. कापलेली टोके आत राहिली तर साप त्यावर नाक घासून रक्तबंबाळ करतो. वरून बीडिंग मारावे.

हीटरबद्दल उस्तादांची चूक पुन्हा होऊ नये. उष्णतेचे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, मग गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो. सिरॅमिकचा हीटर वर लावायचा असेल तर होल्डर चिनीमातीचा घ्यावा, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटरभोवती तारेचा पिंजरा हवा, कारण साप गरम वस्तूला वेटोळे घालतो. थर्मोस्टॅटची तार सापाच्या हालचालीने निसटणार नाही अशी पक्की करावी. ती निसटून थंड भागात पडली तर हीटर थांबणारच नाही. वायर बाहेर काढण्याच्या भोकाला रबरी कडी बसवावी आणि भोक वायरीइतकेच ठेवावे.

वासाचेही भान ठेवावे लागते. आतून पाण्याचे पॉलियुरेथेन लावावे आणि पेटी निदान दोन आठवडे उघडी ठेवावी. फ्रेंच पॉलिश किंवा लॅकरचा वास नाकाला येत असेल तोवर साप आत जाऊ नये. सिलिकॉन फिश टँकचेच वापरावे; बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचे औषध असते. देवदार लाकूड आत अजिबात नको, त्याचे तेल सापाला बाधते. पॅकिंगच्या पाईनचा भुसाही नको. वाळवीचे औषध, डांबरगोळ्या, फिनेल यांचा तर विचारच करू नये. ही शेवटची गोष्ट गिऱ्हाइकाच्या आईला सांगावी, कारण घर पुसणारी तीच असते.

आतली सजावट स्वस्तात होते. तळाला खोबऱ्याच्या काथ्याचा भुसा, म्हणजे नर्सरीत मिळते ते कोकोपीट, तीन-चार इंच. तो सांडू नये म्हणून काचेखालची पट्टी पाच इंच ठेवावी. लपायला दोन जागा हव्यात, एक गरम कोपऱ्यात, एक थंड. कुंभाराचे पसरट मडके उपडे घालून कडेला दरवाजा कापला आणि कड दगडाने घासली की उत्तम बीळ तयार होते. मडके साप वेटोळे घालून अंगाला भिंत लागेल एवढेच असावे; ऐसपैस बिळात त्याला चैन पडत नाही. पाण्याचे भांडे जड, सहजी न उलटणारे हवे. कोरड्या गावात ते मोठे घ्यावे. पावसाळ्यात कोकणपट्टीला उलट करावे लागते: भुसा कोरडा ठेवायचा आणि जाळ्या झाकू द्यायच्या नाहीत, नाहीतर खवले सडतात.

पेटी झाली की ती लगेच पोचवू नये. साप नसताना तीन दिवस गाळ्यातच चालू ठेवावी. दोन्ही कोपऱ्यांत साधे थर्मामीटर ठेवून सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे लिहावेत. रात्रीच्या आकड्यासाठी पोराला थांबवायची गरज नाही; किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर बाजारात मिळतो. आकडे जमले नाहीत तर जाळी वाढवावी किंवा हीटर बदलावा. गाळ्यात ते पाच मिनिटांचे काम आहे, गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर अर्ध्या दिवसाचे.

भाव सांगताना या तीन दिवसांची, दोन आठवड्यांच्या वाळवणीची आणि थर्मोस्टॅटची किंमत उघडपणे वेगळी लिहून द्यावी. फिश टँकचा दर सांगून पुढे रडण्यात अर्थ नाही. 'थर्मोस्टॅट मी नंतर लावीन' म्हणणाऱ्याला हीटरची जागाही करून देऊ नये. हवी तर नुसती पेटी न्यावी आणि बिलावर तसे लिहून सही घ्यावी. उस्ताद आता तसेच करतात. तीन दिवसांचे आकडे लिहिलेला कागद ते पेटीच्या पाठीला चिकटवतात, आणि कुलपाच्या दोन्ही चाव्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात देतात.