टोमॅटोचं बूड काळं पडलंय? आधी पाण्याचं टाइमटेबल बघा!

गॅलरीतल्या कुंडीत पहिला टोमॅटो धरला की त्याचा फोटो स्टेटसवर जाणारच. पण कधी तरी तो टोमॅटो खालून उलटून बघा. बुडाशी तपकिरी-काळा, चपटा, चामड्यासारखा डाग दिसतोय? मग लगेच ‘कीड लागली’ म्हणून औषध आणायला पळू नका आणि झाड तर अजिबात उपटू नका.

या प्रकाराला ‘ब्लॉसम एंड रॉट’ म्हणतात. फळाच्या ज्या टोकाला फूल होतं, ते टोक कुजतं. हे ना बुरशीमुळे होतं, ना किडीमुळे. त्यामुळे ते शेजारच्या कुंडीत पसरत नाही आणि फवारणीने बरंही होत नाही. ढोबळी मिरचीतही हेच होतं, फक्त तिथे डाग बऱ्याचदा बाजूला पडतो आणि आपल्याला वाटतं, उन्हाने भाजली.

खरं कारण आहे फळाला कमी पडलेलं कॅल्शियम. आता तुम्ही म्हणाल, मग टाकू की अंड्याची टरफलं! थांबा. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर चुना भरपूर. अडतं ते वाहतुकीपाशी. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून पाणी सतत उडून जातं, म्हणून त्यांच्याकडे ओघ जास्त. फळातून पाणी फार उडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडंच येतं आणि बूड तर रांगेत सगळ्यात शेवटी. त्यात सबमिशनच्या गडबडीत चार दिवस कुंडी कोरडी राहिली, की पुरवठा बंद! पाचव्या दिवशी बादलीभर पाणी ओतून ते नुकसान भरून निघत नाही. उलट पाणी साचून मुळं गुदमरली, तरी तेच होतं.

मग करायचं काय?

* रोज सकाळी माती बोटाने चाचपा. वरचा इंचभर थर कोरडा वाटला तरच पाणी द्या, पण तळातून निथळेल इतकं द्या.
* कुंडी निदान बारा इंची हवी. छोटी कुंडी दुपारपर्यंतच सुकते.
* मातीवर वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरा. ओल टिकते.
* युरियाचा मारा नको. पानं माजतात आणि कॅल्शियम तीच पळवतात.
* नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं असेल, तर मात्र कॅल्शियम खरंच कमी असू शकतं. त्यात माती आणि कंपोस्ट मिसळा.
* टरफलं टाकायचीच तर बारीक पूड करून, रोप लावतानाच टाका. ती कुजायला महिनोन्‌महिने लागतात.

सुट्टीत गावी चाललात? कुंडीपेक्षा उंचावर पाण्याची बादली ठेवा. जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी सोडा, दुसरं मातीत खोचा. निघण्याआधी दोन दिवस ट्रायल घ्या.

डाग पडलेलं फळ सुधारत नाही, ते तोडून टाका. काळा भाग कापल्यावर उरलेला चांगला असेल तर कोशिंबिरीत खुशाल घाला. मुख्य म्हणजे झाडावर राग काढू नका. हा त्रास बहुधा पहिल्या बहरालाच होतो. पाणी नेमाने मिळालं, की पुढचे टोमॅटो छान लालबुंद येतात.