झाडांच्या सावलीत हरवणारा उपग्रह

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली की तोंडावर ऊन-सावलीचा खेळ चालतो ना? झाड आलं की सावली, गेलं की ऊन. अगदी तसाच एक खेळ गाडीच्या टपावरही चाललेला असतो. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही!

बुलढाण्याहून खामगावला जाताना वाटेत ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल लागतं. समजा, तिथे गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर मदत नेमकी कुठे पाठवायची? यासाठी २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांमध्ये गाडीचं ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण सक्तीचं झालं. हे यंत्र आपली जागा उपग्रहांना विचारूनच ठरवतं. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, तरच हिशेब नीट जुळतो.

आता गंमत बघा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, तर आपल्या ‘इस्रो’च्या ‘नाविक’चे जवळपास ३६,००० किलोमीटरवर. त्यांची ताकद म्हणाल, तर घरातल्या एक-दोन जुन्या पिवळ्या बल्बांएवढी! इतक्या लांबून येता येता संकेत अगदी दुबळा होतो. त्यातच वाटेत झाड आलं की पानाफांद्यांमधलं पाणी त्याचा काही भाग शोषून घेतं आणि उरलेला काही भाग इकडेतिकडे विखुरतो.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, उन्हाळ्यात साग उघडा पडतो. मग तर संकेत सरळ येत असेल!” मलाही हा प्रश्न आवडतो, कारण उत्तर अनपेक्षित आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गोल्डहर्श आणि फोगेल या शास्त्रज्ञांनी १९८५-८६ च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून रेडिओ लहरी सोडल्या आणि खाली रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीत त्या मोजल्या. एकदा झाडं पानांनी भरलेली असताना, एकदा ती निष्पर्ण असताना. पानांमुळे अडथळा वाढला खरा, पण डेसिबल या मापात फक्त पाव हिश्शाच्या आसपास. खरा अडथळा खोड आणि फांद्यांचाच!

आणखी एक गोष्ट. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून डावीकडची झाडं गाडीला अगदी खेटून असतात. उपग्रह त्याच बाजूला, आकाशात खाली असेल तर तो झाडांआड जातो. परत येताना तीच झाडं रस्त्यापलीकडे राहतात, थोडी बुटकी वाटतात आणि त्यांच्या शेंड्यांवरून संकेत येऊ शकतो. डोक्यावरच्या उपग्रहाला मात्र सहसा एवढी अडचण नसते. घरची डिश हलवून झाडाची आड चुकवता येते. धावत्या एसटीचं काय करणार?

मग झाडं तोडायची का? छे! यंत्रच हुशार करायचं. आजची यंत्रं एकाच वेळी जीपीएस, नाविक अशा अनेक उपग्रहमालांचं ऐकतात. एक झाकला गेला, तर दुसरा सापडतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते, म्हणून एकट्या झाडाची सावली क्षणात मागे पडते. तेवढ्या वेळात यंत्र आधीच्या वेगावरून आणि दिशेवरून अंदाज बांधतं. सलग दाट झाडी असली, की मात्र हा अंदाज चुकत जातो.

पुढच्या प्रवासात आईबाबांच्या फोनवर उपग्रह मोजणारं ॲप उघडून बघा. आधी मोकळ्या शिवारात आकडा लिहा, मग दाट झाडीत. प्रत्येक उपग्रहापुढची संकेताची पट्टी किती खाली येते, तेही टिपून ठेवा.