घरच्या संगणकाचा हरवलेला कारभारी

एकत्र कुटुंबाच्या जुन्या वाड्यांत माणसें पुष्कळ असत, पण किल्ल्यांचा जुडगा एकाच्याच कमरेला असे. ओटी, माजघर, अंगण सर्वांना मोकळें. धान्याची कोठी आणि कागदपत्रांची पेटी मात्र घरच्या कर्त्यानेंच उघडावी. वाडे गेले, तरी ती व्यवस्था गेली नाहीं. ती आतां घराघरांतील संगणकांत येऊन बसली आहे. तेथील कर्त्याला ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे कारभारी असें म्हणतात. नवा प्रोग्रॅम बसविणें, दुसऱ्याचें खातें उघडणें किंवा बंद करणें, यंत्राच्या मूळ रचनेंत फेरफार करणें हीं कामें त्याचीं. इतरांनीं लिहावें, वाचावें, चित्रें पाहावींत. कोठीला हात लावूं नये. वाटेंत आलेल्या एखाद्या दुष्ट प्रोग्रॅमला सारें घर लुटतां येऊं नये, हा या वांटणीचा हेतु.

पण जुडगा घेऊन कर्ताच नाहींसा झाला तर? भद्रावतीतील एखादें घर डोळ्यांसमोर आणावें. जुन्या भांदकचें हें गांव आज कोळशाच्या खाणी आणि आयुधनिर्माणी यांच्या पाळ्यांवर चालतें. खाणींत नोकरीला असलेल्या वडिलांनीं हौसेनें संगणक घेतला, स्वतःच मांडला आणि कारभारहि स्वतःकडे ठेवला. ते अकस्मात् वारले. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे. आईला शेताचे कागद हवे आहेत. आणि वडिलांनीं जमविलेलीं घरचीं सारीं छायाचित्रें त्याच यंत्रांत आहेत. मुलीचें स्वतःचें खातें उघडतें, पण प्रिंटरचा प्रोग्रॅम बसवूं गेल्यास यंत्र कारभाऱ्याचा संकेतशब्द मागतें. शेजारचे गृहस्थ सुचवितात, “वहिनी, फॉरमॅट मारून टाका, यंत्र नव्यासारखें होईल.” यंत्र नव्यासारखें होईल हें खरेंच, पण नव्यासारखें म्हणजे रिकामें. रोग घालविण्यासाठीं रोग्यालाच घालविण्याचा हा उपाय आहे.

संकेतशब्द यंत्रांतच कोठें तरी लिहिलेला असेल, मग तो वाचून कां घेऊं नये, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. आरंभीं तो तसा लिहिलेला असे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखालीं १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेकांनीं वांटून वापरण्याची व्यवस्था झाली आणि तींत प्रत्येकाला निराळा संकेतशब्द मिळाला. १९६२ सालीं तेथील अॅलन शेर या संशोधकानें, आपणांस यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून, संकेतशब्दांची सबंध यादीच छापून घेतली! पुढें मूळ शब्द न ठेवतां त्याचा केवळ एक ठसा ठेवण्याची रीत पडली.

भद्रावतीला मातीकामाचा लौकिक आहे. तेथील कुंभाराच्या दाखल्यानें ही रीत चटकन् समजेल. ओली माती हवी तशी वळते, पण भट्टींत भाजलेल्या मडक्याची पुन्हां ओली माती होत नाहीं. संकेतशब्दहि गणिताच्या भट्टींत असाच भाजून ठेवलेला असतो. कोणीं शब्द टंकला कीं यंत्र त्यालाहि त्याच भट्टींतून काढतें आणि दोन्ही मडकीं ताडून पाहतें. जुळलीं तरच दार उघडतें. म्हणून दुरुस्ती करणारा कितीहि हुशार असला, तरी विसरलेला शब्द यंत्रांतून सरळ वाचून सांगूं शकत नाहीं. फार तर जुनें मडकें फेकून त्याजागीं तो नवें ठेवतो.

अशा घरानें प्रथम काय करावें? प्रथम कांहीं मोडूं नये. दुरुस्तीच्या आधीं आंतील ऐवज सुरक्षित काढावा. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राईव्हवर घेऊन तिच्यावरून संगणक चालू करतां येतो. त्या वेळीं विंडोजचा कारभार निजलेला असतो, त्याच्या परवानगीचा प्रश्न उरत नाहीं, आणि वडिलांच्या खात्यांतील कागद व छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवितां येतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यानेंहि हेंच साधतें.

मात्र येथें एक मोठी अट आहे. जो मार्ग घरच्यांना मोकळा, तोच चोरालाहि मोकळा; म्हणून नव्या यंत्रांत सबंध डिस्कच सांकेतिक लिपींत लिहून ठेवतात. विंडोजमध्यें या कुलपाला ‘बिटलॉकर’ म्हणतात. २०२४ सालच्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें सुरू केलेल्या नव्या यंत्रांवर तें बहुधा आपोआप लागतें, आणि घरच्यांना त्याची वार्ताहि नसते. हें कुलूप ४८ अंकी किल्लीनें उघडतें. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत साठविलेली असते, किंवा कोणी कागदावर छापून ठेवलेली असते. ती सांपडली तर सर्व कांहीं परत मिळतें. न सांपडली तर यंत्र बनविणाराहि तें दार उघडूं शकत नाहीं.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. गेलेल्या माणसाचा मोबाईल क्रमांक घाईनें बंद करूं नये. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा संकेतशब्द बदलावयाचा झाल्यास त्याची खूण त्या क्रमांकावर किंवा त्या माणसाच्या ई-मेलवर येते. खातें केवळ त्या यंत्रापुरतेंच असेल, तर २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्यें तें उघडतांना तीन सुरक्षा-प्रश्न विचारून ठेवण्याची सोय आहे. त्यांचीं उत्तरें घरच्या माणसांना बहुधा ठाऊक असतात.

कधीं कधीं संकेतशब्द आठवत असतो, पण एखाद्या चुकीनें एकुलत्या एक कारभाऱ्याचाच दर्जा उतरविलेला असतो. मग परवानगी विचारणारी चौकट येते, पण ‘होय’ म्हणण्याची सोय तींत नसते. अशा वेळीं शिफ्टची कळ दाबून यंत्र पुन्हां सुरू करावें व ‘सेफ मोड’ हा मार्ग घ्यावा. विंडोजमध्यें जन्मापासूनच एक राखीव कारभारी असतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, त्याला एरव्हीं निजवून ठेवलेलें असतें. दुसरा कोणी कारभारी उरला नसेल, तर आपत्काळीं तो सेफ मोडमध्यें जागा व्हावा, अशी योजना आहे. तो जागा झाला तर त्याच्याकडून जुन्या खात्याचा दर्जा परत मिळवावा.

हे उपाय थकले, तर शेवटीं नवी मांडणी करावी. पण ऐवज बाहेर निघाल्यावरच. जबरीनें संकेतशब्द बदलला, तर त्या खात्यांत सांकेतिक करून ठेवलेल्या फाइली कायमच्या बंद होऊं शकतात, हेंहि ध्यानीं धरावें. आणि हे सर्व मार्ग स्वतःच्या यंत्रापुरतेच. मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अपराध आहे.

उपायापेक्षां सावधगिरी स्वस्त. घरांतील दोन विश्वासू माणसांच्या नांवें कारभाऱ्याचीं दोन खातीं असावींत आणि रोजच्या कामासाठीं साधें खातें वापरावें. ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून, जेथें सातबारा आणि विम्याचे कागद असतात, त्या पेटींत ठेवावी. छायाचित्रांची एक प्रत यंत्राबाहेर असावी.

शहाणा कर्ता जुडगा कमरेलाच ठेवी, पण दुसरी किल्ली कोठें आहे हें घरांतील एकाला तरी सांगून ठेवी. त्याला आपल्या मागें घर चालावें अशी काळजी असे. संगणकाच्या कारभाऱ्यानेंहि एवढी काळजी वाहिली, तर भद्रावतीच्या त्या घरांतील मुलीचा अर्ज वेळेवर जाईल, आणि आईला शेताचे कागद व छायाचित्रें पाहण्यासाठीं कोणाच्या दुकानाचा उंबरठा झिजवावा लागणार नाहीं.