बॅटरीचा हिशेब उन्हात करावा

नोकिया ११०० हा फोन २००३ साली बाजारात आला. त्याची बॅटरी ८५० एमएएचची होती आणि एकदा चार्ज केला की पुढचे काही दिवस चार्जरची आठवण होत नसे. आज मध्यम किमतीच्या फोनवर ५००० हा आकडा सर्रास दिसतो, सहा-सात हजारांचेही फोन मिळतात. तरी झोपण्यापूर्वी फोन चार्जिंगला लावणे हे दाराला कडी लावण्याइतके घरोघरी ठरून गेले आहे. साठा सहापट वाढला आणि पुरवठा एका दिवसावर आला, याचे मोठे कारण पडद्यात आहे. नोकियाचा पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, एकरंगी. त्याचा दिवा बटण दाबल्यावर थोडा वेळ लागे आणि विझे. आजच्या पडद्यावर पंचवीस लाखांच्या आसपास ठिपके असतात आणि फोन हातात असेपर्यंत तो उजळलेलाच असतो. इंटरनेटचा आणि प्रोसेसरचा वाटा आहेच, त्याकडे पुढे येऊ. पण फोनची पारख करताना बॅटरी आणि डिस्प्ले वेगवेगळे तोलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तिजोरी आहे आणि दुसरा तिच्यातून होणारा मोठा खर्च. जाहिरातीत दोघांचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण ते वेगळ्या परिस्थितींत मिळालेले असतात. बॅटरीचे तास मोजताना पडदा बेताचाच उजळलेला असतो, आणि पडद्याची कमाल तेजस्विता मोजताना बॅटरी किती तास पुरेल याचा विचार नसतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी खरे नसतात.

आधी बॅटरीचा आकडा पाहू. एमएएच हे विद्युतभाराचे माप आहे. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टेजने गुणावे लागते. ५००० एमएएच आणि सरासरी ३.८५ व्होल्ट धरले तर साठा सव्वाएकोणीस वॉट-तास भरतो. आता फोन एक वॉट खात असेल तर हा साठा एकोणीस तास पुरेल, चार वॉट खात असेल तर पाच तासही पुरणार नाही. म्हणजे टिकण्याचा प्रश्न साठ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, खर्चाच्या वेगाचा आहे. ॲपलच्या आयफोन १५ मध्ये ३३४९ एमएएचची बॅटरी आहे आणि कंपनी त्यावर वीस तासांपर्यंत व्हिडिओ चालेल असे सांगते. शेजारच्या पाच हजारवाल्यापुढे हा फोन कागदावर दुबळा दिसतो, पण नुसत्या त्या तुलनेवरून काही ठरत नाही. शिवाय व्हिडिओ दाखवणे हे आजच्या फोनला सोपे काम आहे, त्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय असते. बऱ्याच परीक्षणांत पडद्याचे तेज २०० निट्सच्या आसपास स्थिर ठेवून, वाय-फायवर, सावलीत तास मोजले जातात. फोनांची आपापसांत तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. पण भर दुपारी भाजीवाल्याच्या गाडीपाशी क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या माणसाचा दिवस तिच्यात सापडत नाही.

पडद्याच्या आकड्यात तर आणखी गुंता आहे. एका चौरस मीटरमागे एका मेणबत्तीएवढे तेज म्हणजे ढोबळमानाने एक निट. आयफोन १५ चेच उदाहरण घेतले तर कंपनीने एकाच पडद्याचे तीन आकडे दिले आहेत : एरवी १००० निट्स, एचडीआर दृश्यांसाठी १६०० आणि बाहेर उन्हात २०००. वनप्लस १२ ची जाहिरात ४५०० निट्सची होती, पण उन्हात पडदा उजळवण्याच्या अवस्थेचा त्याचा आकडा १६०० आहे. मोठा आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा तुकड्यापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. सबंध पांढऱ्या पानावर तेवढे तेज टिकवले तर वीजही फार जाईल आणि उष्णताही आवरणार नाही. त्यातून आपल्या डोळ्यांची रीत अशी की तेज दुप्पट झाले म्हणून ते दुप्पट भासत नाही. त्यामुळे दोन हजार आणि अडीच हजार यांतला फरक कागदावर जेवढा वाटतो, तेवढा हातात जाणवत नाही.

उन्हात खरी लढत पडद्याची आणि आजूबाजूच्या उजेडाची असते. घरात किंवा कचेरीत काहीशे लक्स उजेड असतो. थेट उन्हात तो लाखाच्या घरात जातो. साधी काच पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परत फेकते, आणि हे चार टक्केच अक्षरांवर पांढुरका पडदा ओढतात. यावर एक उपाय म्हणजे आतून आणखी तेज ओतायचे, आणि त्याची किंमत बॅटरीने मोजायची. दुसरा उपाय काचेचे परावर्तन कमी करण्याचा. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये कॉर्निंगची तशी काच बसवली. परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटते, असा कॉर्निंगचा दावा आहे. या उपायाला बॅटरीतला एक थेंबही लागत नाही. पण डोळ्यांत भरेल असा मोठा आकडा त्यातून निघत नसल्याने स्वस्त फोनांच्या जाहिरातींत तो दिसत नाही, याची मला खंत वाटते. ज्यांचे काम उन्हातले, त्यांच्याच खिशात असे स्वस्त फोन असतात आणि त्यांनाच या काचेची सर्वाधिक गरज आहे.

म्हणून दुकानातल्या डेमो व्हिडिओवर विसंबू नये. काळ्या पार्श्वभूमीवर झळकणारी रंगीत फुले कुठल्याही ओएलईडी पडद्यावर सुंदरच दिसतात. त्याऐवजी मराठी मजकुराचे पांढरे पान उघडावे आणि फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात यावे. देवनागरी ही पडद्याची कडक परीक्षा आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरचा एक ठिपका अर्थ बदलतो. चकाकीत अनुस्वार हरवला तर ‘रंग’ची ‘रग’ होते आणि ‘मंद’चा ‘मद’. साडेसहा इंची पडदा ७२० बाय १६०० ठिपक्यांचा असेल तर एका इंचात सुमारे २७० ठिपके बसतात, १०८० बाय २४०० चा असेल तर चारशेच्या वर. बारीक अक्षरातली जोडाक्षरे वाचताना हा फरक दिसतो. १२० हर्ट्झचा गुळगुळीतपणा मला यापुढे दुय्यम वाटतो. तो हवा असेल तर स्क्रीन स्थिर असताना चित्र ताजे होण्याचा वेग आपोआप खाली येतो का, एवढे जरूर विचारावे, कारण काही पडदे एक हर्ट्झपर्यंत उतरून वीज वाचवतात आणि काहींना ते जमत नाही.

पडदा किती उजळलेला आहे यावरच सगळे कसे फिरते, याचा चांगला पुरावा डार्क मोडच्या अभ्यासातून मिळतो. एलसीडीत मागचा दिवा पूर्ण पडद्यासाठी जळत असतो, त्यामुळे काळ्या रंगाने तिथे फारसे काही वाचत नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. मग डार्क मोड लावला की बॅटरी भरपूर वाचायला हवी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये हे मोजले. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली; ब्राइटनेस पूर्ण असताना ती ३९ ते ४७ टक्के झाली. घरात बसणाऱ्याला जी युक्ती जेमतेम उपयोगी, तीच उन्हात फिरणाऱ्याची बॅटरी कितीतरी लांबवते. एकच फोन, एकच ॲप आणि बॅटरीच्या वागण्यात एवढी तफावत. ‘स्क्रीन ऑन टाइम सात तास’ असे कोणी सांगितले की ते सात तास छताखालचे की रस्त्यावरचे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

यावर कोणी म्हणेल की सगळा दोष पडद्याच्या माथी का मारता, रेंज नसली की बॅटरी झरझर उतरते हा सर्वांचा अनुभव आहे. ही हरकत योग्य आहे. टॉवर दूर असेल तर फोन अधिक जोराने संदेश पाठवतो, रेंज गेली की तिचा शोध घेत राहतो. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून किंवा घाटातून जाताना फोन खिशात असूनही टक्के कमी होतात ते यामुळेच. पण हा खर्च वेगळा काढता येतो. रात्री झोपताना टक्केवारी पाहून ठेवावी, चार्जर न लावता फोन तसाच ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावे. जे गेले ते पडदा बंद असतानाचे. चांगली रेंज असताना ही घट मोठी निघाली तर एखादे ॲप मागे जागे आहे. ती किरकोळ असेल आणि दिवसा बॅटरी उतरत असेल, तर पहिला संशय पडद्यावरच घ्यावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि महाराष्ट्रात ती टाळून चालणारच नाही. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी बाहेरचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगितले आहे. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे दुचाकीच्या हँडलला फोन लावून, नकाशा चालू ठेवून, पूर्ण ब्राइटनेसवर घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलाचा फोन आधीच तापलेला असतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो. ज्या घडीला ते दोन हजार निट्स हवेत, नेमक्या त्याच घडीला ते हाती राहत नाहीत. वर उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, ती वेगळीच.

जलद चार्जिंग आले असताना टिकण्याची चिंता कशाला, असेही म्हटले जाते. अर्ध्या तासात बॅटरी बरीचशी भरत असेल, तर ज्याच्या हाताशी सॉकेट आहे त्याच्यापुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण एसटीच्या लांबच्या प्रवासात, शेतावर, भारनियमनाच्या गावात सॉकेटच नसते. शिवाय दिवसातून दोनदा भरावी लागणारी बॅटरी आपली चार्जिंगची आवर्तने तितक्याच वेगाने संपवते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांसाठी ॲपल ५०० पूर्ण आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता उरण्याचे गणित सांगते, १५ पासून १०००. रोज एक पूर्ण आवर्तन धरले तर ५०० म्हणजे दीड वर्षही नाही. आज संध्याकाळपर्यंत कसाबसा पुरणारा फोन तेव्हा दुपारी चारलाच मान टाकेल. म्हणून नव्या फोनच्या पहिल्या आठवड्यात, तुमच्या सर्वांत धावपळीच्या दिवशी, रात्री निदान २५-३० टक्के शिल्लक राहत नसतील तर बॅटरी कमी आहे असे समजावे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

ही सगळी मोजदाद ग्राहकाने का करावी, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. युरोपीय संघाने त्याचे उत्तर दिले आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनवर एक लेबल असते. त्यावर एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटे चालतो आणि बॅटरी किती आवर्तने टिकते, हे ठरवून दिलेल्या चाचणीनुसार लिहावे लागते. ८०० आवर्तनांनंतर निदान ८० टक्के क्षमता उरावी, अशी अटही आहे. आपल्याकडे फ्रिज आणि एसी घेताना तारे मोजण्याची सवय लोकांना चांगली लागली आहे, मग ज्याच्यावर बँक, शाळा आणि रोजगार चालतो त्या फोनसाठी तशी सोय मागणे मुळीच अवाजवी नाही. मी तर त्यात आणखी एक ओळ मागेन : पांढरे पान, उन्हातली ब्राइटनेस, ४० अंश तापमान, आणि किती तास. ती ओळ येईपर्यंत एक मार्ग उरतो. जो फोन घ्यायचा आहे तोच वर्षभर वापरणारा, आणि तुमच्यासारखेच काम करणारा, कोणीतरी ओळखीत असतो. त्याला संध्याकाळी सातला सेटिंग्जमधले बॅटरीचे पान दाखवायला सांगावे : किती टक्के उरले, आणि त्यात पडद्याने किती खाल्ले.